पाठीवरचा भार

दिवाळीनंतरचे दिवस हे व्यापारी घरांच्या वार्षिक सहलीचे दिवस. वहीपूजन झालेले असते, सणाची गर्दी ओसरलेली असते, मुलांना अजून सुट्टी असते आणि आठ-दहा दिवस दुकान मुनीमजींवर सोपवता येते. या सहलींचे स्वरूपही आपल्याकडे बहुधा ठरलेले आहे. वाटेत एखादे तीर्थक्षेत्र, शेवटी एखादे थंड हवेचे ठिकाण, सोबत रसोईचा महाराज आणि डब्यांमधून खाकरे, शेव, सुका नाश्ता. गाडीच्या काचेतून डोंगर पाहायचे, उतरून छायाचित्रे काढायची आणि पुन्हा गाडीत बसायचे. यात सोय पुष्कळ असते. मात्र ज्या भूमीतून आपण जातो तिचा स्पर्श क्वचितच होतो.

नव्या पिढीला असा प्रवास पुरेसा वाटत नाही. माझ्या सतरा वर्षांच्या कन्येने पुण्यात घोडेस्वारीचे शिक्षण घेतले आहे. मीही तिच्या आग्रहाने दोन वर्षे शिकले. गेल्या वर्षी तिने घरात प्रस्ताव मांडला, की या वेळी सहा दिवस घोड्यावरून फिरायचे. त्यासाठी तिने निवडलेला प्रदेश ऐकून कोणालाच पटकन ‘नाही’ म्हणवेना. गोडवाडातून अरवलीचा डोंगर चढून कुंभलगडला जायचे आणि मेवाडच्या खेड्यांतून फिरून रणकपूरला उतरायचे, असा तो बेत होता.

गोडवाड म्हणजे आजच्या पाली जिल्ह्यातील, अरवलीच्या पश्चिम पायथ्याचा पट्टा. पुणे, मुंबई, सोलापूर येथील कितीतरी जैन घरांचे मूळ तेथील घाणेराव, सादडी, देसुरी, नाडोल, नारलाई या गावांत आहे. आमच्या घरातील जुन्या माणसांच्या सांगण्याप्रमाणे यजमानांचे पणजोबा उंटावरून फालना स्थानकाला आले आणि तेथून आगगाडीने दक्षिणेकडे निघाले. आम्ही आजवर तेथे मोटारीनेच गेलो, पंचतीर्थीचे दर्शन घेतले आणि परतलो. पणजोबा ज्या वेगाने त्या भूमीतून गेले, त्या वेगाने ती आम्ही कधी पाहिली नव्हती.

अडचण उपस्थित केली ती सासूबाईंनी. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर. रोजचे प्रतिक्रमण त्यांनी कधी चुकवलेले नाही. त्या रागावल्या नाहीत, एवढेच म्हणाल्या, “अगं, गरज म्हणून जनावराला कामाला लावणे वेगळे आणि मौज म्हणून त्याच्या पाठीवर बसणे वेगळे. जायचेच असेल तर पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आधी नीट समजून घ्या. ते याच प्रसंगासाठी सांगितले आहेत.”

बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध ही नावे आपल्यापैकी बहुतेकांच्या कानांवरून रोज जातात. त्या संध्याकाळी आम्ही ती प्रथमच सावकाश वाचली. जिवाला जखडून बांधणे, त्याला मारणे, त्याचे अंग छेदणे, शक्तीपलीकडे भार लादणे आणि वेळेवर अन्नपाणी न देणे. साधू-साध्वींना हा प्रश्नच पडत नाही. ते पायी विहार करतात, कोणत्याही प्राण्यावर आरूढ होत नाहीत. हे पाच अतिचार गृहस्थासाठी आहेत. ज्याच्या दारात बैल आहे, घोडा आहे, ओझे उचलणारा नोकर आहे, त्याला व्रत कुठे कुठे निसटते हे दाखवणारी ही यादी आहे. जनावर ठेवूच नका, असे ती सांगत नाही. ठेवले तर कोठे थांबायचे, हे सांगते.

कन्येने त्या पाच शब्दांचे पाच प्रश्न केले आणि सहल घडवून आणणाऱ्यांकडे पाठवले. रात्री घोडे कसे बांधता? अगाडी-पिछाडीचे दोर किती लांब असतात? घोडा उभ्याउभ्या डुलकी घेतो हे खरे. पण गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावेच लागते, आणि दोर आखूड असेल तर तो आडवा होऊ शकत नाही. दुसरा प्रश्न चाबकाचा. तिसरा लगामाचा. राजस्थानात पूर्वापार काटेरी कडियाळीचा लगाम वापरला जाई. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी केंद्र सरकारने १९६५ साली जे नियम केले, त्यांत अशा काटेरी साधनांना मनाई आहे. दिवसात नऊ तासांपेक्षा अधिक काम नको, सलग पाच तासांपेक्षा अधिक नको आणि तापमान ३७ अंशांच्या वर गेले असता दुपारी बारा ते तीन काम नको, असेही ते नियम सांगतात. पाचवा प्रश्न दाण्यापाण्याचा. घोड्याला दिवसाला पंचवीस ते पंचेचाळीस लिटर पाणी लागते. डोंगरात ते कोठे मिळणार?

चार प्रश्नांची उत्तरे समाधानकारक आली. पाहुण्यांच्या हाती चाबूक दिला जात नाही, लगाम साधा असतो, माणसांचे जेवण होण्याआधी घोड्यांचे पाणी आणि चंदी होते, असे त्यांनी कळवले. प्रश्न अडला तो चौथ्या मुद्द्यावर, म्हणजे भारावर. स्वाराचे वजन नव्वद किलोपर्यंत चालेल, असे त्यांचे म्हणणे होते. घोड्याने स्वाराच्या आणि खोगिराच्या रूपाने स्वतःच्या वजनाच्या साधारण एक पंचमांशापेक्षा अधिक भार वाहू नये, असा घोडेस्वारीत सर्वत्र मानला जाणारा ढोबळ नियम आहे. मारवाडी घोड्याचे वजन चारशे किलो धरले तर एकूण भार ऐंशी किलो. त्यातून खोगीर, लगाम, पाण्याची पिशवी यांचे दहा-बारा किलो वजा करा. स्वारासाठी उरतात सत्तरच्या आतबाहेर. आमच्या घरात वजनमापाचा हिशेब कोणाला शिकवावा लागत नाही. कन्येचे वजन चोपन्न, माझे बासष्ट. यजमानांचे अठ्ठ्याऐंशी.

सहल घडवणाऱ्यांच्या मर्यादेत ते बसत होते, घरच्या हिशेबात बसत नव्हते. ते क्षणभर थांबले आणि हसून म्हणाले, “आपण गिऱ्हाइकाला काटा दाखवतो, मग स्वतः काट्याकडे पाठ कशी फिरवायची?” त्यांनी सामानाच्या जीपमधून यायचे ठरवले. सासूबाईंचा होकार मिळाला तो त्यानंतर.

नोव्हेंबरमध्ये आम्ही नारलाईला पोहोचलो. गावाच्या मधोमध प्रचंड खडकांची टेकडी आहे आणि तिच्या माथ्यावर पांढरा दगडी हत्ती उभा आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे घोड्यांची ओळख झाली. मारवाडी घोडा खांद्यापाशी साधारण पावणेपाच ते पाच फूट उंच, सडपातळ बांध्याचा, उंच मानेचा. त्याचे खरे वैशिष्ट्य म्हणजे कान. दोन्ही कानांची टोके आत वळून एकमेकांना टेकतात आणि माथ्यावर छोटे तोरण बांधल्यासारखे दिसते. हे कान तो दोन्हीकडे सहज फिरवतो. त्याचे लक्ष कोठे आहे हे स्वाराला त्या कानांवरूनच कळते. या घोड्यांची ‘रेवाल’ नावाची एक चाल आहे. तिच्यात पाठ फारशी हलत नाही. वाळूतून दूरचा पल्ला गाठणाऱ्या स्वारांना ती फार सोयीची होती.

या घोड्याचा इतिहास व्यापाऱ्याने जाणून घेण्यासारखा आहे. राजस्थानातील युद्धांत तो नावाजला. १५७६ च्या हळदीघाटाच्या लढाईत महाराणा प्रतापांना वाहून नेणाऱ्या चेतकाची कथा आपल्याकडील मुलांनाही ठाऊक असते. पुढे इंग्रजांच्या काळात परदेशी जातींना मान मिळाला आणि हा देशी घोडा मागे पडला. १९५२ च्या कायद्याने राजस्थानातील जहागिऱ्या संपल्या तेव्हा पागा पोसण्याची ऐपत उरली नाही. घोडे मिळेल त्या भावाने विकले गेले, कित्येक अकाली संपले. जोधपूरचे महाराजा उमेदसिंह यांनी आणि पुढे त्यांचे नातू गजसिंह यांनी ही जात टिकवण्यासाठी प्रयत्न केले म्हणून ती राहिली. आज लग्नाच्या वराती आणि अशा सहली यांच्या मिळकतीवर अनेक पागा चालतात. घोड्यावर कोणी बसलेच नाही तर त्याला पोसणार कोण, हा युक्तिवाद आम्हाला अनेकांनी ऐकवला. त्यात तथ्य आहे. पण ज्याच्या श्रमावर त्याचा दाणा अवलंबून आहे, त्याच्या श्रमाला सीमा कोणती, हा प्रश्न त्या युक्तिवादाने सुटत नाही.

कन्येच्या वाट्याला केशरी रंगाची घोडी आली. तिचे नावही केसर. खोगीर कापडी गादीचे मिळाले, तसा आम्ही आग्रहच धरला होता. रिकिबींचे पट्टे मात्र चामड्याचे होते आणि त्यांना पर्याय त्यांच्याजवळ नव्हता. सासूबाईंना मी ते दूरध्वनीवर तसेच सांगितले.

पहिले दोन दिवस सपाट मुलखाचे. बाजरीची कापणी झालेली शेते, बाभळी आणि खेजडी, लाल फेटे बांधलेले रायका धनगर आणि त्यांची मेंढरे. मोटारीतून जाताना खेड्यातील माणूस आपल्याकडे पाहतो आणि नजर काढून घेतो. घोड्यावरून जाताना तो बोलतो. घोडी कोणाची, वय किती, दात दाखवा, कोठे निघालात, असे प्रश्न येतात. घाणेरावजवळ एका वृद्धाने आमचे आडनाव विचारले आणि कोणत्या गल्लीत त्या आडनावाची घरे कुलूपबंद आहेत, हे सांगितले. मुछाळा महावीरांच्या मंदिरात सेवापूजा करून आम्ही डोंगराच्या तोंडाशी आलो.

तिसऱ्या दिवशी वनखात्याच्या वाटाड्यासह अभयारण्यातून चढ सुरू झाला. धावड्याचे आणि सालईचे रान, मध्येच पळस, ओढ्याकाठी गारवा. येथे बिबट्या, अस्वल आणि लांडगा यांचा वास आहे. आम्हाला दिसले ते सांबर आणि नीलगायी. पण घोड्यांचे कान एका वळणावर एकाच वेळी वळले आणि ती जागा ओलांडेपर्यंत सरळ झाले नाहीत. आम्हाला जे दिसत नव्हते ते त्यांना कळत होते. सुमारे ११०० मीटर उंचीवर कुंभलगडाचा तट दिसू लागला. राणा कुंभाने पंधराव्या शतकात बांधलेला हा तट छत्तीस किलोमीटर लांब असल्याचे सांगतात. आतील शेकडो मंदिरांत जैन मंदिरांची संख्या फार मोठी आहे. त्या मंदिरांना ज्यांनी धन दिले त्यांनी हाच घाट चढला असेल, या विचाराने मला चढाचा शीण जाणवला नाही.

पलीकडचे मेवाड वेगळे आहे. मक्याची कणसे छपरांवर वाळत घातलेली, दगडी बांधांची चिमुकली शेते आणि विहिरींवर बैलांनी फिरवलेले रहाट. त्या रहाटांच्या पोहऱ्यांतून पन्हळीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज दूरवर ऐकू येई. मुक्कामाला आम्ही चारच्या सुमारास पोहोचत असू. आधी घोड्यांचे पाणी, मग तोबरा, मग खरारा आणि त्यानंतर आमचे सूर्यास्तापूर्वीचे जेवण. कढी, गट्टे, मक्याची भाकरी. कांदा-लसूण-बटाटा नाही. कन्या केसरचा खरारा स्वतः करी. मोतद्दाराने तिला शिकवले होते, की हात नेहमी केसांच्या दिशेने फिरवावा आणि डोळ्यांपेक्षा तळहातावर विश्वास ठेवावा.

पाचव्या दिवशी सकाळी तिच्या तळहाताला केसरच्या पाठीवर, खांद्याच्या उंचवट्यामागे, गरम जागा लागली. केस ओले आणि चिकट होते. केस बाजूला केल्यावर रुपयाच्या नाण्याएवढे कातडे सोलवटलेले दिसले. खोगिराखालच्या गादीत खडे-वाळू अडकून ते घासले होते. मोतद्दार पाहत होता, पण काहीच बोलला नाही.

व्यवस्थापक आले. त्यांचा सूर शांत होता. “असे होतेच. गादीला तेवढ्या जागी भोक पाडू, जखमेवर दाब येणार नाही. आजचे बावीस किलोमीटर झाले की झाले.” जादा घोडा होता, तो आदल्या दिवशी दुसऱ्या पाहुण्यांना दिला गेला होता. कन्या म्हणाली, “मी चालते.” त्यावर ते म्हणाले, “बाईसा, तुम्ही पूर्ण पैसे भरले आहेत. चालायचे कशाला? हा तुमचा हक्क आहे.”

हे वाक्य मला लागले, कारण ते आपल्याच व्यवहाराच्या भाषेतले होते. पैसे दिले, माल मिळाला पाहिजे. पण आम्ही पैसे दिले होते ते सहा दिवसांच्या व्यवस्थेचे. घोडीच्या जखमेवर बसण्याचा अधिकार त्या पावतीत कोठे लिहिला होता? गादीला भोक पाडल्याने ओझे कमी होत नाही, ते जखमेच्या कडांवर जाते. मी तसे स्पष्ट सांगितले. यजमान जीप थांबवून उभे होते. त्यांनी केसरचे खोगीर उचलून जीपमध्ये ठेवले आणि वाद संपला.

मिठाच्या कोमट पाण्याने जखम धुऊन वर हळद लावली गेली. केसर मोकळ्या पाठीने मोतद्दाराबरोबर चालली. माझी घोडी आम्ही मायलेकींनी वाटून घेतली. एक तास ती, एक तास मी, दोघी कधीच एकदम नाही. उतारावर तर कोणीच बसले नाही. बावीस किलोमीटरचे अंतर घोड्यावरून जितके सुंदर वाटते तितके ते पायी चालताना वाटत नाही. दुपारनंतर पायांना फोड आले. कन्या एकदा रडवेली झाली, पण पुन्हा खोगिराचे नाव तिने काढले नाही.

वाटेत मोतद्दार बोलू लागला. आधीच्या पाहुण्यांच्या वेळीही याच जागी सूज होती. त्याने एकदा सांगून पाहिले होते. “जास्त बोललो तर पुढच्या हंगामात बोलावत नाहीत, काकीसा,” तो म्हणाला. घोडी मुकी होती म्हणून बोलत नव्हती. तो बोलू शकत होता आणि तरीही बोलत नव्हता.

सूर्य मावळला तेव्हा मुक्काम दोन किलोमीटर दूर होता. आम्ही टेकडीवरच बसून शेवटचे पाणी प्यायले आणि चौविहाराचे पच्चक्खाण घेतले. पोहोचलो तेव्हा ताटे वाढून ठेवलेली होती. कोणी जेवले नाही, यजमानही नाही. केसरने मात्र पाणी प्यायले, तोबरा रिकामा केला आणि रात्री कधीतरी ती आडवी झाली. कंदील घेऊन कन्या दोनदा पाहून आली होती.

सहाव्या दिवशी जंगलातून उतरून आम्ही रणकपूरला आलो. विक्रम संवत १४९६ चा शिलालेख असलेले ते चतुर्मुख आदिनाथांचे मंदिर, धरणाशाहाचे द्रव्य आणि देपाकाची कला. त्यातील १४४४ खांबांचे वर्णन आपल्या वाचकांना नवे नाही. द्वारापाशी चामड्याच्या वस्तू उतरवून ठेवतात. त्या दिवशी पट्टा काढताना माझ्या मनात रिकिबींचे पट्टे आले आणि केसरची पाठही आली. आत सभामंडपात बसल्यावर कन्येने हळूच विचारले, “आई, संभवनाथांचे लांछन घोडा आहे ना?” मी होकार दिला. पुढे ती काही बोलली नाही.

निघण्यापूर्वी यजमानांनी व्यवस्थापकांना बाजूला नेऊन दोन गोष्टी सांगितल्या. एक, आमच्या सहलीचा उरलेला हिशेब नको. त्या रकमेतून केसरला महिनाभर बसवू नये आणि रोजच्या जखमेच्या नोंदीचे छायाचित्र पाठवावे. दुसरी, जखम मोतद्दाराने नव्हे, आम्ही शोधली आहे, हे लक्षात असू द्यावे. छायाचित्रे तीन आठवडे आली. शेवटच्या चित्रात त्या जागी पांढरे केस उगवलेले दिसत होते. खोगिराचा घाव भरला तरी तेथे बहुधा पांढरे केस येतात. जाणता माणूस ते पाहून घोड्याचा पूर्वेतिहास ओळखतो.

परतल्यावर सासूबाईंनी सगळे ऐकून घेतले. मग मुलाला विचारले, “आपल्या गोदामात हमाल एका वेळी किती उचलतो रे?” आमचा धान्याचा व्यापार आहे. पूर्वी शंभर किलोची पोती असत, आता पन्नास किलोची येतात. पण गाडी लवकर भरावी म्हणून तरुण हमाल दोन पोती एकदम पाठीवर घेतात आणि खेपेमागे मजुरी असल्याने स्वतःहून घेतात. यजमानांनी दुसऱ्याच दिवशी गोदामात दोन ढकलगाड्या आणल्या, एका वेळी एकच पोते असा नियम केला आणि मजुरी खेपेऐवजी पोत्यावर धरली. गाडी भरायला आता वीस-पंचवीस मिनिटे जास्त लागतात.

ज्या कुटुंबांच्या मनात अशी सहल असेल, त्यांना मी जाऊ नका असे म्हणणार नाही. घोड्याच्या वेगाने पाहिलेले डोंगर आणि खेडी मनात राहतात. मुले दिवसभर एका मुक्या जिवाच्या भुकेचा, तहानेचा आणि श्रमाचा विचार करायला शिकतात, हे शिक्षण लहान नाही. मात्र जाण्यापूर्वी घरातील प्रत्येकाचे वजन करा आणि घोड्याचे वजन विचारा. रात्रीचे दोर, लगामाची कडियाळी, दाण्यापाण्याच्या वेळा आणि जादा घोड्याची सोय लेखी घ्या. रोज सकाळी खोगीर चढण्याआधी आणि संध्याकाळी उतरल्यानंतर घोड्याच्या पाठीवरून स्वतःचा हात फिरवा. मोतद्दाराशी बोलताना मालक जवळ नसेल असे पाहा. आणि पाय घट्ट ठेवा, कारण एखादा दिवस चालावे लागेल.